चुकीचे वाचन : संगणक, अध्ययन आणि उत्तरदायित्व

१

संगणकाच्या साहाय्याने माणसे शिकतात की नाही, हा वाद आता निष्फळ झाला आहे. ती शिकतात, गेल्या सहा दशकांचा अनुभव एवढे सांगण्यास पुरेसा आहे. मात्र हा वाद मिटल्यामुळे त्याच्या आड राहिलेला एक वेगळा प्रश्न समोर येतो. तो अध्यापनाच्या तंत्राचा नाही, नीतिविचाराचा आहे. शिकणारा माणूस चुकतो. ज्याला चुकण्यास वाव नाही त्याला शिकण्यासही वाव नसतो. वर्गात ही चूक कोणीतरी वाचत असतो : पाटीवर झुकलेला शिक्षक, शेजारी बसलेला सोबती, घरातले वडीलधारे माणूस. तो बरोबर वाचतो असे नाही. अनेकदा तो घाईने, रागाने किंवा पूर्वग्रहाने वाचतो. तरीही वाचणारा कोण, हे ठाऊक असते. संगणकासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची चूक कोण वाचतो, कशी वाचतो, आणि त्या वाचनाबद्दल जाब कोणाला विचारायचा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो याचे कारण उघड आहे. चूक ही एक संहिता असते. तिला कर्ता असतो, तिच्यामागे काहीएक संगती असते, ती एका भाषेत घडते आणि तिचा अर्थ लावावा लागतो. ‘चुकीचे वाचन’ या मराठी शब्दप्रयोगात दोन अर्थ एकत्र नांदतात : चूक वाचणे आणि चुकीने वाचणे. अध्यापनाचा सारा व्यवहार या दोन अर्थांमधील अंतर राखण्याचा असतो. हे अंतर यंत्राच्या मध्यस्थीने कसे बदलते, हे पाहण्यासाठी अर्थनिर्णयनाची दृष्टी उपयोगी पडते.

या चर्चेचा पूर्वेतिहास जुना आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस इजिप्तमधील एक कथा सांगतो. थ्यूथ हा देव लेखनकला घेऊन थामुस राजाकडे येतो आणि तिच्यामुळे माणसे अधिक ज्ञानी होतील असे सांगतो. राजा ते मान्य करीत नाही. त्याच्या मते लेखनामुळे स्मृती क्षीण होईल आणि ज्ञानाचा केवळ आभास उरेल. कथेनंतर सॉक्रेटिस लिखित शब्दावर जे आक्षेप घेतो ते अधिक महत्त्वाचे आहेत. लिखित शब्दाला प्रश्न विचारला तर तो तेच ते उत्तर पुन्हा देतो. कोणाशी बोलावे आणि कोणासमोर गप्प राहावे हे त्याला कळत नाही. आणि त्याच्यावर अन्याय झाला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. त्याला आपल्या पित्याची, म्हणजे कर्त्याची, मदत लागते. झाक देरिदाने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेटोचे औषधालय’ या निबंधात याच संवादाची चिकित्सा करून वाणीचे श्रेष्ठत्व आणि लेखनाचे दुय्यमत्व ही मांडणी आतूनच कशी ढासळते ते दाखवले. औषध आणि विष असे दोन्ही अर्थ असलेला एकच ग्रीक शब्द त्याच्या विवेचनाचा कणा आहे. संगणकीय अध्यापनाच्या संदर्भात मात्र या तीन आक्षेपांपैकी तिसऱ्याकडे, पित्याच्या प्रश्नाकडे, अधिक बारकाईने पाहावे लागते. पहिल्या दोहोंना यंत्राने उत्तर शोधले आहे; तिसऱ्याला शोधलेले नाही.

२

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने जी संगणकीय अध्यापनप्रणाली सुरू झाली तिचे नाव ‘प्लेटो’ असेच होते. ते एका लांबलचक तांत्रिक नामाच्या आद्याक्षरांतून बनवले होते. परंतु त्यातील उपरोध टळत नाही. ज्या तत्त्वज्ञाने उत्तर न देणाऱ्या लेखनावर आक्षेप घेतला, त्याचेच नाव उत्तर देणाऱ्या यंत्राला मिळाले.

या प्रणालीमागे आणि तिच्या समकालीन प्रयोगांमागे जी विचारसरणी प्रभावी होती तिचा उगम वर्तनवादात होता. सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकातच प्रश्न विचारून उत्तर तपासणारे यंत्र बनवले होते. बी. एफ. स्किनर यांनी १९५४ पासून अध्यापनयंत्राची कल्पना पद्धतशीरपणे मांडली आणि ‘अभिक्रमित अध्ययन’ हा प्रवाह रूढ केला. स्किनर यांचे निदान नेमके होते. वर्गातल्या मुलाला आपले उत्तर बरोबर की चूक हे कळण्यास फार उशीर होतो. एका शिक्षकाला चाळीस मुलांच्या प्रत्येक कृतीला तत्काळ प्रतिसाद देणे शक्य नसते. त्यांनी सुचवलेला उपाय असा : पाठ्यविषयाचे इतके लहान तुकडे करावेत की प्रत्येक पायरीवर मूल बहुधा बरोबरच उत्तर देईल, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच प्रबलन मिळेल. या रचनेत चूक जवळजवळ उद्भवूच नये अशी अपेक्षा असते. चूक झालीच तर तो पाठाच्या रचनेतला दोष मानावा, मुलाचा नव्हे.

यातील औदार्य नाकारता येणार नाही. मुलाला दोष न देणारी अशी शिक्षणपद्धती त्या काळी दुर्मीळच होती. तथापि या औदार्याची एक किंमत होती. जी चूक घडूच द्यायची नाही ती वाचण्याचाही प्रश्न येत नाही. नॉर्मन क्राउडर यांच्या शाखायुक्त अभिक्रमात चुकीला थोडे स्थान मिळाले : चुकीचा पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळ्या पानावर पाठवून त्याच्या गैरसमजाचे निराकरण केले जाई. परंतु तेथेही संभाव्य चुका लेखकाने आधीच कल्पिलेल्या असत. विद्यार्थ्याने अकल्पित अशी चूक केली तर तिला उतरायला जागाच नसे.

संगणक आल्यावर या आकांक्षेला मोठे बळ मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ पॅट्रिक सुपीज यांनी १९६६ साली असे भाकीत केले की, मॅसिडोनच्या फिलिपचा पुत्र अलेक्झांडर याला अॅरिस्टॉटलच्या रूपाने जो खासगी शिक्षक लाभला, तसा शिक्षक पुढे लक्षावधी मुलांना लाभेल. या भाकिताचे आकर्षण आजही ओसरलेले नाही. संगणकीय अध्यापनाच्या नव्या साधनांची जाहिरात बहुधा याच प्रतिमेच्या आधारे होते. परंतु अॅरिस्टॉटल हा अलेक्झांडरच्या शिक्षणाबद्दल फिलिपला उत्तर देण्यास बांधलेला होता, आणि अलेक्झांडर पुढे जे झाला त्याबद्दल इतिहास आजही अॅरिस्टॉटलला प्रश्न विचारू शकतो, ही बाब या उपमेत गळून जाते. ज्ञान आणि तत्परता हे शिक्षकाचे दोन गुण तिने उचलले; तिसरा, उत्तरदायित्वाचा, उचलला नाही.

३

चूक न वाचल्यास काय घडते याचे एक उत्कृष्ट उदाहरण गणितशिक्षणाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. स्टॅन्ली अर्लवँगर यांनी १९७३ साली बेनी या टोपणनावाने एका बारा वर्षांच्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा मुलगा पिट्सबर्ग विद्यापीठात विकसित झालेल्या वैयक्तिक अध्ययनाच्या एका योजनेत दुसऱ्या इयत्तेपासून गणित शिकत होता. या योजनेत संगणक नव्हता, छापील पुस्तिका होत्या. परंतु ज्या तत्त्वांवर तत्कालीन संगणकीय पाठ रचले गेले तीच तत्त्वे येथे होती. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई, उत्तरे उत्तरसूचीशी ताडून पाहिली जात, आणि ठरलेले गुण मिळाले की पुढचा घटक हाती येई. बेनी चांगली प्रगती करीत होता आणि शिक्षिकेच्या दृष्टीने तो हुशार विद्यार्थ्यांपैकी एक होता.

अर्लवँगर यांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली तेव्हा निराळेच चित्र दिसले. दोन छेद दहा या अपूर्णांकाचे दशांश रूप बेनीच्या मते १.२ होते आणि पाच छेद दहाचे १.५. अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि योग्य वाटेल तेथे दशांशचिन्ह द्यायचे, हा त्याचा नियम होता. तो यदृच्छेने उत्तरे देत नव्हता. त्याच्यापाशी नियमांची एक पूर्ण व्यवस्था होती. त्याहून विलक्षण होती ती गणिताविषयीची त्याची समजूत. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे बरोबर असू शकतात, परंतु उत्तरसूची त्यांपैकी एकच मान्य करते, असे त्याला वाटे. त्यामुळे गणित करणे म्हणजे सूचीला कोणते रूप हवे आहे याचा माग काढणे, असे त्याचे मत बनले होते. नियम हे कोणीतरी कधीतरी ठरवून दिले, त्यांना कारण असण्याची गरज नाही, अशी त्याची धारणा होती.

बेनीची गोष्ट केवळ एका मुलाच्या गैरसमजाची नाही. ज्या व्यवस्थेत तो वाढला तिचे त्याने केलेले वाचन अगदी अचूक होते. त्याच्या उत्तराला बरोबर किंवा चूक हा शिक्का मिळे, कारण मिळत नसे. म्हणून त्याने निष्कर्ष काढला की कारण नसतेच. व्यवस्था त्याला वाचत नव्हती, तो मात्र व्यवस्थेला वाचत होता. विद्यार्थी उत्तरसूचीचा भाष्यकार बनला. पुढे २००४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय शिक्षकप्रणाली वापरणाऱ्या मुलांमध्ये तत्सम वर्तन नोंदवले : काही मुले विचार न करता एकामागून एक उत्तरे टाकून पाहत, किंवा यंत्राने शेवटी उत्तरच सांगावे म्हणून सूचनांची कळ दाबत राहत. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु समोरच्याला आपल्या म्हणण्याचा अर्थ नको, फक्त विशिष्ट चिन्ह हवे आहे, हे ओळखणाऱ्याने तेवढेच द्यावे, यात एक कठोर तर्क आहे.

४

मात्र संगणकाचा इतिहास चूक पुसण्याचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. चूक वाचण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्नही संगणकाच्याच आधारे झाला.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतील चुकांवर एक मूलगामी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन असे की, मुलांच्या चुका बहुतेक वेळा निष्काळजीपणातून येत नाहीत. मूल एक कार्यपद्धती निष्ठेने पाळत असते, फक्त त्या पद्धतीत एखादी पायरी बदललेली असते. उदाहरणार्थ, ५२ मधून ३८ वजा करताना जे मूल २६ लिहिते ते दशक सुटा करीत नाही. प्रत्येक स्तंभात लहान अंक मोठ्या अंकातून वजा करते. हे एकदा कळले की त्या मुलाचे पुढचे प्रत्येक चुकीचे उत्तर आधीच सांगता येते. ब्राउन आणि बर्टन यांनी ‘बगी’ नावाचा कार्यक्रम बनवला आणि भावी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्याचा खेळासारखा उपयोग केला. त्यात संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याची भूमिका घेई आणि त्याच्या चुकीमागचा नियम कोणता, हे शिक्षकाला शोधावे लागे. यंत्राने शिक्षकाची जागा घेण्याऐवजी येथे विद्यार्थ्याची जागा घेतली होती, आणि त्यातून माणसाला अधिक चांगला वाचक होण्याचे शिक्षण मिळत होते.

सेमूर पॅपर्ट यांचा मार्ग याहून वेगळा होता. वॉलेस फोयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी १९६७ साली ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली. जिनिव्हा येथे जाँ पियाजे यांच्यासमवेत केलेल्या कामाचा ठसा तिच्यावर होता. लोगोमध्ये मूल यंत्राला आज्ञा देते, पडद्यावरचे ‘कासव’ त्याप्रमाणे चालते, आणि चौकोनाऐवजी भलतीच आकृती उमटली की आपल्या आज्ञांत कोठे काय बिघडले हे मूल स्वतः शोधते. येथे चूक वाचणारा कर्ता स्वतः विद्यार्थी आहे. चुकीची मालकी त्याच्याकडे परत येते, आणि तिच्याबद्दलची लाज नाहीशी होऊन कुतूहल उरते. हे थोर काम होते. परंतु स्वतःची चूक स्वतः वाचण्यासाठी ती चूक आहे हे दिसावे लागते. कासवाने काढलेली वाकडी आकृती डोळ्यांना दिसते, बेनीचा १.२ त्याच्या दृष्टीने सरळच होता. दुसऱ्या वाचकाची गरज तेथे उभी राहते.

हा दुसरा वाचक भाषेबाहेर उभा राहू शकत नाही, ही बाब मराठीच्या संदर्भात विशेष ठळक होते. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारे मूल महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राथमिक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. इंग्रजी संख्यानामात वीसनंतर दशक आधी येतो; मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि लिहिताना मात्र दशक आधी लिहावा लागतो. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस अशा नामांत पुढचाच दशक उच्चारला जातो. ३५ लिहिणाऱ्या मुलाने स्थानिक किमतीत चूक केली असे इंग्रजी संख्यानामांवर आधारलेली चुकांची यादी म्हणेल. मराठी शिक्षक म्हणेल की, मुलाने ऐकले तसे लिहिले, म्हणजे आपल्या भाषेशी ते प्रामाणिक राहिले. दोन्ही निदानांचे उपाय वेगळे आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पारंपरिक नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली गेली आणि तिच्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाची एक बाजू अशी की, भाषेची परंपरा मोडू नये. दुसरी अशी की, मुलाच्या चुकीचे मूळ ओळखून भाषेनेच त्याच्याकडे एक पाऊल टाकावे. यांपैकी कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट स्पष्ट होते. एका चुकीच्या वाचनासाठी येथे विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांना बोलावे लागले, आणि पुस्तक कोणी लिहिले, कोणी मान्य केले हे सर्वांना ठाऊक होते. वादाला पत्ता होता.

५

या टप्प्यावर एक गंभीर आक्षेप समोर येतो, आणि त्याला सोयीस्कर उत्तर देऊन पुढे जाता येणार नाही. माणसाने चूक वाचणे हे नेहमी हितकारक असते काय? भारतीय वर्गाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. येथे शिक्षकाने मुलाची चूक वाचताना अनेकदा त्याची जात वाचली आहे. भीमराव आंबेडकर यांना शाळेत इतर मुलांपासून दूर, स्वतः आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि पाण्यासाठीही दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अशा वर्गातल्या मुलाला असा शिक्षक मिळाला की जो त्याचे आडनाव विचारत नाही, त्याच्या उच्चाराला हसत नाही, तोच प्रश्न शंभरदा विचारला तरी कंटाळत नाही, तर त्या शिक्षकाची उदासीनता हीच दया ठरेल. यंत्राच्या बाजूने केलेल्या साऱ्या युक्तिवादांत हा सर्वांत बळकट आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. द्रोणाने निषादपुत्र म्हणून त्याला नाकारले; त्याने मातीची मूर्ती समोर ठेवून धनुर्विद्या साध्य केली. मूर्तीने त्याला काहीच सांगितले नाही, पण तिने त्याचा अपमानही केला नाही. जिवंत गुरू आला तो अंगठा मागण्यासाठी. ज्या परंपरेत ही कथा अभिमानाने सांगितली गेली तिच्यात मुक्या मूर्तीची बाजू घेणे हे विवेकाचेच लक्षण मानावे लागेल. संगणक ही बोलू लागलेली मूर्ती आहे, असे म्हटले तर तिच्याकडे वळणाऱ्याला दोष कसा द्यावा?

परंतु या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. वाचणारा पक्षपाती आहे, म्हणून वाचणाराच नको, असे म्हणावयाचे काय? जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात या प्रश्नाला निराळे उत्तर आहे. प्राथमिक शाळांतील बहुसंख्य शिक्षक ब्राह्मण असल्याची तक्रार करून, शेतकरी वर्गातून आलेले, मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळणारे आणि त्यांच्या गरजा जाणणारे प्रशिक्षित शिक्षक नेमावेत, अशी मागणी त्यांनी केली. फुल्यांनी वाचक काढून टाकला नाही. वाचक बदलण्याची मागणी केली. अन्याय्य वाचनावरचा त्यांचा उपाय न्याय्य वाचन हा होता. ज्याला कोणी वाचतच नाही त्याच्यावर अन्याय होत नाही, ही समजूत त्यांना मान्य झाली नसती; कारण न वाचले जाणे हाही शूद्रातिशूद्रांचा जुनाच अनुभव होता.

यातून उदासीनता आणि निःपक्षपात यांतील भेद स्पष्ट होतो. निःपक्षपाती वाचक मुलाची जात बाजूला ठेवतो आणि त्याची चूक मात्र पूर्ण गांभीर्याने घेतो. उदासीन वाचक दोन्ही बाजूला ठेवतो. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलिझा’ हा संवाद साधणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याची वाक्ये थोडी फिरवून प्रश्नरूपाने परत करण्यापलीकडे तो काही करीत नसे; तरीही माणसे त्याच्याशी मन मोकळे करू लागली. हे पाहून अस्वस्थ झालेल्या वायझेनबाउम यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात काही कामे यंत्राला करता आली तरी त्याच्याकडे सोपवू नयेत, अशी भूमिका घेतली. ऐकले जाण्याची भावना आणि ऐकले जाणे यांत फरक आहे, हे त्यांना जाणवले होते. भावना खोटी नसते; परंतु तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीही बांधलेले नसते.

६

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यापासून ही चर्चा नव्या भूमीवर आली आहे. मोठ्या भाषिक प्रारूपांवर आधारलेली ही यंत्रे विद्यार्थ्याच्या अकल्पित चुकीलाही प्रतिसाद देऊ शकतात. क्राउडर यांच्या पुस्तकात ज्या चुकीला पान नव्हते तिला येथे परिच्छेद मिळतो. प्लेटोचा पहिला आक्षेप, की संहिता तेच ते उत्तर देते, येथे लागू पडत नाही. दुसरा, की ती कोणाशी बोलते हे तिला कळत नाही, बराच सौम्य झाला आहे. संवादाच्या ओघात यंत्र समोरच्याची पातळी आणि शैली ओळखते. मराठीत मात्र ही ओळख अपुरी पडण्याचा संभव अधिक, कारण ज्या लिखित साठ्यावर ती पोसली गेली त्यात मराठीचा वाटा इंग्रजीच्या मानाने अत्यल्प आहे.

तिसऱ्या आक्षेपाचे स्वरूप मात्र पालटले आहे. जुन्या लिखित संहितेला स्वतःचा बचाव करता येत नसे. नवी संहिता कोणाचाही, कशाचाही बचाव करू शकते. विद्यार्थ्याने हरकत घेताच बरोबर उत्तरही मागे घेऊन त्याच्या मताला रुकार देण्याची या यंत्रांची प्रवृत्ती संशोधकांनी नोंदवली आहे. यंत्र क्षमाही मागते. परंतु क्षमायाचना हे असे भाषिक कर्म आहे की ज्याला वक्त्याचे पुढचे आयुष्य तारण लागते. ज्याला उद्या त्या चुकीसह जगायचे नाही त्याची क्षमा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि नैतिकदृष्ट्या रिकामी असते. बेनीपुढची सूची एकच उत्तर मान्य करीत होती. ही नवी सूची आग्रह धरल्यास कोणतेही उत्तर मान्य करू शकते. दोहोंचा परिणाम एकच होण्याची भीती आहे : नियमांमागे कारण नसते, मागणी असते, असे विद्यार्थी शिकेल.

मिखाईल बाख्तिनने १९१९ साली लिहिलेल्या ‘कला आणि उत्तरदायित्व’ या छोट्या टिपणात असे म्हटले आहे की, कलेत जे अनुभवले आणि उमजले त्याची जबाबदारी माणसाने आपल्या जगण्याने उचलली पाहिजे. हे सूत्र अध्यापनाला लावून पाहता येते. विद्यार्थ्याची चूक ज्याला उमजली त्याच्यावर एक ऋण येते. बेनीचे १.२ एकदा समजले की अर्लवँगर यांना ते विसरता येत नव्हते. ते समजणे त्यांना व्यवस्थेविरुद्ध लिहिण्यास बांधून गेले. वाचनाने वाचक बांधला जातो, ही वाचनाची नैतिक बाजू आहे. यंत्र चूक ओळखते तेव्हा माहिती निर्माण होते. बांधले कोणी जात नाही.

यावरून संगणक शाळेबाहेर ठेवावा असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. जेथे एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, किंवा जेथे विषयाचा शिक्षकच नाही, तेथल्या मुलाला यंत्र नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. एकलव्याला मूर्तीही नाकारणे हा द्रोणापेक्षा मोठा अपराध ठरेल. परंतु या परवानगीबरोबर एक अट येते. यंत्राने दिलेल्या निर्णयाचे कारण मुलाला मिळाले पाहिजे. त्या कारणावर हरकत घेता येईल अशी एक व्यक्ती, नाव आणि पत्ता असलेली, उपलब्ध असली पाहिजे. आणि ती हरकत खरी ठरल्यास पुढच्या मुलासाठी काहीतरी बदलले पाहिजे. ‘बगी’चा खेळ या अटीच्या सर्वांत जवळ जातो, कारण त्याच्या शेवटी चूक वाचायला शिकलेला एक शिक्षक वर्गात परत जातो. त्याच प्रकारे आजची यंत्रेही शिक्षकाला मुलांच्या चुकांमधील संगती दाखवू शकतील. त्रेपन्नाचे ३५ का झाले हे ज्याने कधी मनात आणले नव्हते त्याला ते विचारायला लावू शकतील.

ही अट पाळणे खर्चिक आहे, आणि म्हणूनच ती गाळली जाण्याचा संभव मोठा आहे. शिक्षकाच्या रिकाम्या जागी यंत्र बसवणाऱ्या शासनाला किंवा संस्थेला जागा भरल्याचे समाधान मिळते; उत्तरदायित्वाची जागा रिकामीच आहे, हे हजेरीपटात दिसत नाही. प्लेटोने ज्याला संहितेचा पिता म्हटले, तो येथे यंत्राचा निर्माता नाही, यंत्र स्वतःही नाही. ज्याने ते यंत्र मुलासमोर ठेवले, तो त्याचा पिता आहे, आणि मुलाची चूक वाचण्याचे ऋण त्याच्याकडेच जाते. ते ऋण त्याला हस्तांतरित करता येत नाही.